आकड्याआधीचं एक अक्षर

शैला गेली त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी तिनं चहा घेतला, देवगाव रंगारीच्या रेखाशी, तिच्या एका विद्यार्थिनीशी, फोनवर बोलली आणि अंघोळीला उठली. दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं. संध्याकाळी तिचा फोन माझ्या खिशात होता आणि वाजत होता.

शैला माझी पत्नी. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका शिक्षणसंस्थेत ती दृष्टिहीन मुलांना संगणक शिकवायची, आणि त्याच संस्थेचे संगणक मी सांभाळायचो. संस्थेच्या शाळा शहरात होत्या, खुलताबादला होत्या, कन्नडकडं आणि पार अजिंठ्यापर्यंत पसरलेल्या होत्या. माझ्या पदाचं नाव लांबलचक होतं. लोक मला ‘नेटवाले सर’ म्हणायचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. नेट दुरुस्त करणाऱ्याचे अनुभव एकसुरी असतात. नेट बंद पडतं, तो जातो, नेट सुरू होतं, आणि तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग एका प्रसंगासाठी हो म्हणालो. तो निवृत्तीनंतर घडला, आणि त्यात माझा वाटा थोडाच आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. संगणकाला जाळ्यात बसवायचं तर त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतात. त्याचा स्वतःचा पत्ता, म्हणजे घर नंबर. त्याची गल्ली कुठवर आहे, ती हद्द. गल्लीतून बाहेर पडायचा दरवाजा. शिवाय, कोण कुठं राहतं हे सांगणारा एक माहीतगार, आपल्याकडं कोपऱ्यावरचा पानवाला असतो तसा. हे सगळं आकड्यांत लिहायचं. बहुतेक ठिकाणी नेटचं खोकं हे आकडे संगणकाला आपोआप देऊन टाकतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. काही ठिकाणी मात्र ते हातानं भरावे लागतात. माझी नोकरी तिथं सुरू व्हायची.

आमच्याकडं बहुतेक यंत्रांवर लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. ते फुकट मिळतं हे एक कारण. दुसरं कारण शैला. पडदा वाचून दाखवणारा आवाज त्यात आधीपासूनच असतो. लग्नाच्या आधीची गोष्ट आहे. तिच्या वर्गात नवं यंत्र बसवायला गेलो होतो. लिनक्स अजून पुरतं चढलंही नव्हतं, तेवढ्यात मी एक कळ दाबून पाहिली आणि ते यंत्र बोलायला लागलं. कुठली भाषा हवी, म्हणून विचारत होतं. शैला खुर्ची ओढून पुढं आली. “थांबा थांबा,” ती म्हणाली, “हे तर जन्मायच्या आधीच बोलतंय!” मी तोवर कितीतरी यंत्रं बसवली होती. त्यात नवल वाटण्यासारखं काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

या जाळ्याच्या सेटिंगवरूनच आमचं लग्नानंतरचं पहिलं भांडण झालं. घरच्या तिच्या संगणकाला आकडे भरायचे होते. ती भरत होती, मी स्वयंपाकघरातून सांगत होतो.

“झालं? आता ‘लागू करा’ बटन दाब.”

“इथं तसलं बटन नाही.”

“आहे गं. वर उजवीकडं.”

“तुमच्या उजवीकडं असेल. मी दोन फेऱ्या मारल्या अख्ख्या खिडकीला. मला नाही भेटलं.”

मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आलो. बटन होतं. पण एका आकड्यात एक टिंब राहिलं होतं, म्हणून यंत्रानं ते करडं करून ठेवलं होतं. आकडे पटेपर्यंत ते दाबता येत नाही. आणि टॅबची कळ दाबत एकेका जागेवरून पुढं सरकणाऱ्याला ते बटन लागतच नाही. आवाज त्याला ओलांडून पुढं जातो.

“बटन आहे,” मी म्हणालो, “पण करडं आहे.”

“करडं म्हणजे?”

“म्हणजे आहे, पण हात पुढं करत नाही.”

“मग नाहीच म्हणा ना! हात पुढं न करणाऱ्यालासुद्धा तुम्ही डोळस लोक मोजता, एवढाच फरक.”

पोळी करपली. ते वाक्य मात्र ती पुढं प्रत्येक तुकडीला शिकवायची.

तिचे विद्यार्थी आणि माझी गिऱ्हाइकं यांत फरक होता. खुलताबादच्या शाळेतले एक मुख्याध्यापक मला नेहमी आठवतात. सज्जन माणूस, दखनी बोलायचे. त्यांचा फोन आला, “बदले तो सही जी आकडे, पन मशीन मानतीच नै!” आकडे त्यांनी बरोबर बदलले होते. पण लिनक्सचं असं की नवे आकडे लिहून झाले तरी चालू असलेली जोडणी जुन्याच आकड्यांवर चालत राहते. ती एकदा बंद करून परत चालू करावी लागते, तेव्हा नवं लागू होतं. मी म्हणालो, “सर, बटन बंद करून चालू करा.” ते बरं म्हणाले आणि थोड्या वेळानं फोनमधून साऱ्या शाळेचा ओरडा ऐकू आला. त्यांनी इमारतीचं मेन स्विच बंद केलं होतं. वीज आली, यंत्र नव्यानं सुरू झालं, आणि नेटही अर्थात चालू झालं. “देखो, मान गई,” ते म्हणाले. पुढं त्या शाळेत नेट अडलं की मेन स्विच बंद करायचा रिवाजच पडला. शैला ही गोष्ट वर्गात रंगवून सांगायची.

मी फोनवर नेहमी विचारायचो, “काय दिसतंय?” ती विचारायची, “काय ऐकू येतंय?” तिच्या फोनवर जिल्ह्यातून मुलं फोन करायची. ती डोळे मिटून बसायची (ती तशीही मिटूनच बसायची) आणि पलीकडच्या खोलीतलं यंत्र तिच्यासमोर असल्यासारखं सांगत जायची. टॅब. टॅब. थांब. वर. आता काय म्हणालं? बरं, मग तू चुकून मागच्या खिडकीत आहेस. आणि पोरगं खरंच मागच्या खिडकीत असायचं. मी पेपर खाली ठेवून ऐकत राहायचो. न पाहिलेल्या गावातल्या, न पाहिलेल्या यंत्राच्या, तिनं किंवा त्या मुलानं कधीच न पाहिलेल्या पडद्यावर दोघं नेमकी एकाच जागी उभी असायची.

सुट्टीच्या दिवशी तिला पाणचक्कीला जायला आवडायचं. तिथं हौदात पडणाऱ्या पाण्याजवळ ती बसायची. ते पाणी डोंगराकडून जमिनीखालच्या नहरीनं येतं, जुन्या मातीच्या नळांतून, हे आम्हा इथल्या माणसांना लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळं कुणी त्याचा विचार करत नाही. ती करायची. एकदा म्हणाली, “येताना हे पाणी कुणालाच दिसत नाही. म्हणजे इथं तुम्ही अन् मी सारखेच.” मग थोड्या वेळानं, “तुमचं नेट असंच असतं ना?” मी हो म्हणालो. माझ्या धंद्याबद्दल इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

तिची एक सवय होती, आणि हा लेख त्या सवयीसाठीच आहे. आकडे भरायची वेळ आली की ती त्या चौकटीत आधी एक अक्षर लिहायची. क्षणभर थांबायची. पुसायची. मग आकडे. दर वेळी. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल. कानात तिचा इअरफोन असायचा, त्यामुळं यंत्र काय बोललं ते मला ऐकू यायचं नाही. एकदा चिडवलं, “पत्राच्या डोक्यावर श्री काढतात तसं चाललंय का तुझं?”

“व्हय,” ती माहेरच्या ढंगात म्हणाली आणि हसली. तिचं माहेर कन्नडकडचं. मी ते खरं धरलं. एवढ्या नेटक्या बाईला एखादी श्रद्धा असली तर असू दे, असं मला वाटायचं.

ती गेल्यावर तिचा फोन मी बंद केला नाही. सुरुवातीला सांत्वनाचे फोन यायचे. मग ज्यांना बातमी कळली नव्हती त्यांचे. मग हळूहळू कामाचे. मी उचलायचो, येईल तेवढं सांगायचो. “वर उजवीकडं” असं तोंडातून निघायचं आणि पलीकडून प्रश्न यायचा, “उजवीकडं म्हणजे कुठं, सर?”

एका दुपारी रेखाचा फोन आला.

“मॅडम,” ती म्हणाली आणि थांबली. “सर, तुम्हीच उचलणार हे माहीत होतं. तरी तोंडात मॅडमच आलं.”

“येऊ दे. बोल.”

रेखा ही शैलाची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. घर मेंढपाळाचं, वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर. तिला जेमतेम उजेड-अंधार कळतो. पदवी झाली होती आणि एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या कामासाठी तिची मुलाखत होती, संगणकावरून, तासाभरातच. आधी एकदा ती मोबाइलवरून झाली होती. रेंज गेली, आवाज तुटला, मुलाखत अर्धवट राहिली. आणखी एकच संधी देतो, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून ती ग्रामपंचायतीच्या वाचनालयात येऊन बसली होती. तिथला लिनक्सचा संगणक शैलानंच खटपट करून बसवून घेतला होता. पण ग्रामपंचायतीनं आदल्या दिवशी नेटचं नवं खोकं लावलं होतं, आणि ते आपोआप आकडे देत नव्हतं. लावणारा माणूस आकडे तोंडी सांगून निघून गेला होता. रेखानं ते पाठ केले होते.

“मॅडम त्या गुरुवारी फोनवर म्हणल्या होत्या, पुढच्या आठवड्यात आकडे भरायला शिकवते,” ती म्हणाली. “ते राहूनच गेलं. मी माझ्या मनानं भरले. पण ‘लागू करा’ बटन नाय सर. सगळीकडं फिरले.”

गाडी काढून देवगावला जायचं तर मुलाखतीच्या आत पोचणं शक्य नव्हतं. लांबून तिच्या यंत्रात शिरायचं तर त्यासाठीही नेट लागतं. मी शैलाच्या टेबलाशी जाऊन बसलो, तिचं यंत्र सुरू केलं आणि तीच खिडकी उघडली. तेवढ्यात पलीकडं दुसरा आवाज आला.

“साहेब, मी कचरू बोलतो, पंचायतीचा शिपाई. बटन हाय की! ढळढळीत दिसतंय मला. पोरगी उगं नाय नाय करती.”

“कचरूमामा, माउसनं दाबा बरं.”

“दाबलं. आणखी दाबलं. हलंना साहेब. लई फिक्कं हाय.”

“मग नायच म्हणा की मामा!” मागून रेखाचा आवाज. “हात पुढं करत नाय ते कशाला मोजता?”

हे वाक्य कुणाचं, ते मला माहीत होतं.

“मामा,” मग मी विचारलं, “आकड्यांच्या चौकटीला काही रंग आहे का?”

“लाल कड हाय बगा.”

लाल कड म्हणजे आकडा चुकला. मी म्हटलं, वाचा. कचरूमामांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. बरोबर. रेखानं पाठ केलेले म्हणून दाखवले. तेही तेच. मग तिनं फोन यंत्राच्या स्पीकरजवळ धरला, आणि यंत्रानं मराठीत तेच आकडे, तेच टिंब, सगळं सावकाश वाचून दाखवलं. तिघं वाचणारे, तिघांचं एकमत. आणि यंत्र म्हणत होतं, मला पटत नाही.

मी माझ्यासमोरच्या यंत्रात तेच आकडे टाकले. लाल कड नाही. बटन उजळलं. म्हणजे आकडे खरेच बरोबर होते. नोकरीची इतकी वर्षं गाठीशी होती आणि पुढं काय विचारावं तेच कळत नव्हतं. रेखाचा श्वास फोनमधून ऐकू येत होता.

माझे हात शैलाच्या कळफलकावर होते. काही कळांवरची अक्षरं पुसून गेली होती. तिला त्यांचा उपयोगही नव्हता. तिथं हात ठेवून मी सहज म्हणालो, “मॅडम असत्या तर आधी श्री काढलं असतं.”

“श्री नाय सर,” रेखा म्हणाली. “क.”

“काय?”

“आकड्याआधी मॅडम क लिहायच्या. वर्गात आवाज स्पीकरवर असायचा ना. क, अन् मग पुसायच्या.”

“नेहमी क?”

“नेहमी. म्हणजे कधी क ऐकू यायचं, कधी के. के आलं तर तशाच पुढं जायच्या. क आलं तर आधी कायतरी दाबायच्या, मग परत.”

मी डोळ्यांनी पाहत आलो होतो आणि मला ते अक्षर कुठलं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. रेखाला ठाऊक होतं. कधी क, कधी के. कळ एकच. मराठी कळफलक चालू असेल तर तिथून क उमटतो, इंग्रजी चालू असेल तर के.

“रेखा, आकडे पूस. ती कळ दाब. काय म्हणतंय?”

फोनमधून यंत्राचा आवाज आला: क.

कळफलक मराठीत होता. सकाळी तिनं आईला मराठीत संदेश लिहिला होता आणि तो तसाच राहिला होता. मराठी कळफलकावर आकडेही आपले देवनागरी उमटतात, पहिलीच्या पुस्तकातले. पत्त्याच्या चौकटीला ते आकडे आकडे वाटतच नाहीत. कानाला मात्र एक म्हणजे एकच. वाचणारा आवाज दोन्ही सारखेच उच्चारतो. ते रेखाला कळणं शक्य नव्हतं. पण कचरूमामा?

“मामा, मघाशी तो एकचा आकडा कसा होता? मराठी का इंग्रजी?”

“मराठीच की साहेब. आपण मराठीच न्हाय का?”

कळफलक बदलायची कळ मी सांगितली. रेखानं दाबली. मग पुन्हा ती कळ. के. पूस. मग पत्ता, हद्द, दरवाजा, माहीतगार. मी डोळे मिटून बसलो होतो. हे मला नंतर लक्षात आलं. टॅब, मी म्हणत होतो. टॅब. काय म्हणालं? टॅब.

“लागू करा,” पलीकडचं यंत्र म्हणालं. “बटन.”

मग कचरूमामा हळूच म्हणाले, “उजळलं, साहेब.”

“दाब,” मी म्हणालो. “आता नेटची जोडणी बंद करून चालू कर.”

“मेन स्विच नाय ना सर?” रेखानं विचारलं, आणि रडत रडत हसली.

नेट आलं. मुलाखतीला अजून वेळ होता. तिनं केस नीट करायला म्हणून फोन ठेवला.

मी तिथंच बसून राहिलो. पत्राच्या डोक्यावरचं श्री म्हणून ज्याची मी चेष्टा केली होती, ती आंधळ्या माणसानं स्वतःसाठी शोधून काढलेली खूण होती. कळफलक कुठल्या भाषेत आहे हे डोळस माणसाला पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं, आणि दिसत असूनही तो बघत नाही. तिनं एक अक्षर विहिरीत खडा टाकावा तसं टाकून ऐकलं होतं: तळ कुठला आहे? ही युक्ती तिला कधी सापडली, किती आकडे वाया गेल्यावर सापडली, मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही. मी श्री म्हणालो आणि तिनं व्हय म्हटलं. कदाचित तिला ते नाव आवडलं असेल.

या कामात मी कितीएक तज्ज्ञ पाहिले आहेत. जाळ्याची मांडणी फळ्यावर काढणारे, आकडे तोंडपाठ असणारे. त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पण त्या दुपारी मला जे वाटलं ते आदराहून वेगळं होतं. पाणचक्कीच्या हौदाशी पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला वाटत असेल तसं. पाणी समोर पडतंय, आणि ते कुठून कुठून, कुणाकुणाच्या घराखालून आलंय. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ती बाई इतकी वर्षं हे करत होती.

रेखाची मुलाखत न तुटता पार पडली. पुढं ती त्या कंपनीत लागली. घरून काम करते. कुणी गिऱ्हाईक चिडून म्हणालं की बटन दिसतंय पण दाबलं जात नाही, तर ती त्यांना म्हणते, “ते सोडा, आधी काय काय भरलंय ते मला वाचून दाखवा.” आणि कचरूमामांनी वाचनालयाच्या कळफलकावर ‘क’च्या कळेला कुंकू लावून ठेवलं आहे. ते पुसलं जातं, ते पुन्हा लावतात.

शैलाचा फोन अजून चालू आहे. तो वाजला की मी तिच्या टेबलाशी बसतो, विचारतो, काय ऐकू येतंय. आणि आकडे भरायच्या आधी एक अक्षर लिहितो, ऐकतो आणि पुसतो.